तिवडा नसलेले खळे

ओल्या शेणसारवणाचा वास आणि जळलेल्या रॉकेलचा वास. माझ्या पिढीतल्या कुठल्याही बाईला हे दोन्ही वास वेगवेगळे ठाऊक असतात. एक अंगणाचा, दुसरा स्टोव्हचा. पण दोन्ही एकमेकांत मिसळून, भर दुपारी, उघड्या माळावर, वाऱ्याच्या एका थपडेसरशी अंगावर आलेले मी एकाच हंगामात अनुभवले. यंदा पुन्हा चैत्रातच तळ्याचा तळ उघडा पडला. आमच्या दूध संस्थेच्या शेडपलीकडे चारा छावणीचे बांबू उभे राहिले. काल छावणीतली एक बाई सारवणासाठी शेणकाला कालवत होती आणि तिच्या बाजूलाच कुणीतरी चहासाठी स्टोव्हला काडी लावली. मी बोलता बोलता मान वर करून आभाळाकडे पाहिले. मनाची समजूत घालता येते. नाकाची घालता येत नाही.

आमचे गाव चकलांब्याच्या पुढे, डांबर संपते तिथून आणखी आत. त्या जुन्या दुष्काळाच्या वर्षी पाऊस नक्षत्रामागून नक्षत्र चुकवत गेला आणि मोसंबीच्या बागा उभ्या उभ्या वाळल्या. ऊसतोडीला गेलेली माणसे लवकर परतली, कारण तिकडेही ऊस नव्हता. चार दिवस ओसरीत बसली आणि मग बांधकामावर मजुरी शोधायला शहराकडे निघून गेली. मागे उरलो आम्ही बायका, म्हातारी माणसे आणि छावणीतली जनावरे. आमची महिला दूध संस्थाच ती छावणी सांभाळत होती. गयाबाई अध्यक्ष, मी सचिव. मी या गावात सून म्हणून आले ती मराठी कवितेची पदवी घेऊन. गावाला त्या पदवीचा उपयोग अर्ज लिहून घेण्यापुरता झाला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. दुष्काळात अर्ज हाच सर्वांत जास्त लिहिला जाणारा वाङ्मयप्रकार असतो.

दुष्काळाचे आवाज ऐकायला शिकावे लागते. दुधाच्या रिकाम्या कॅनवर माप आपटते तो आवाज. रवंथ करायला पोटात काही नसताना गाय नुसतेच दात घासते तो. टँकर दिसण्याआधी ऐकू येणारा हंड्यांचा. यांतला एकही आवाज मोठा नसतो, आणि म्हणूनच त्या उन्हाळ्यात आभाळातून जो आवाज आमच्याकडे येऊ लागला, त्याने प्रथम आमच्या छातीत धडकी भरवली. पुढे त्याच आवाजाकडे आम्ही मान वर करून, डोळ्यांवर मोटारसायकलवाल्यांचे चष्मे चढवून, पाय रोवून उभ्या राहू लागलो. त्या उभे राहण्याविषयी मला लिहायचे आहे.

शहरातल्या एका रुग्णालयाने तातडीच्या रुग्णांसाठी त्या वर्षी हेलिकॉप्टरची सेवा सुरू केली होती. रस्त्यापासून दूरच्या टापूंत एकेक जागा आधीच निवडून ठेवायची, ती सांभाळायला तिथलीच माणसे शिकवायची, आणि आरोग्य केंद्रातून फोन गेला की हेलिकॉप्टर तिथे उतरायचे. आमच्याकडे सपाट आणि विजेच्या तारांपासून मोकळी जागा एकच होती, संस्थेच्या शेडमागचा माळ. शिकवायला आष्टीकडचे लिंबाजीमामा आले. हवाईदलात, पण सारी नोकरी जमिनीवर उभे राहून काढलेले, हडकुळे, करड्या मिशांचे गृहस्थ. 'जय भीम' म्हणून त्यांनी बोलायला सुरुवात केली आणि सरपंचांकडे चार पुरुष मागितले.

"पुरुष न्हाईत मामा," सरपंच म्हणाले. "बायाच हायेत."

"मग बाया द्या. ते यंत्र बाई-माणूस बघत न्हाई. चुकलं की सगळ्यांना सारखंच कापतं."

पहिला धडा पदराचा होता. थोरामोठ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, हे आमच्याकडे श्वासाइतके अंगवळणी पडलेले. मामांनी वाळलेल्या मोसंबीच्या बागेतून फवारणीचा ब्लोअर ट्रॅक्टरला जोडून आणवला, गयाबाई, मी आणि संस्थेतल्या आणखी दोघी अशा आम्हा चौघींना त्याच्यासमोर उभे केले आणि यंत्र सुरू केले. पदर गेले. छावणीवरचे एक गोणपाट गेले. पारावर बसलेल्या आबांची टोपी उडाली ती थेट एका म्हशीच्या शिंगात जाऊन अडकली. आबा म्हणजे गयाबाईंचे सासरे.

"हे नुसतं औषध मारायचं यंत्र हाय," मामा म्हणाले. "ते याच्या कैक पट ओढतं. पदर वर गेला की त्याच्या मागं बाईबी जाती."

गयाबाईंनी पदर डोक्यावरून काढला, पाठीवरून पुढे घेतला आणि कमरेला घट्ट खोचला. सुनेचे उघडे डोके आबांनी त्या दिवशी प्रथमच पाहिले असावे.

"गया, आमी हितं बसलोत," ते म्हणाले.

"बसा की आबा. तिकडं तोंड करून बसा."

पार हसला. आबाही हसले, आणि खरोखरच पाठ वळवून बसले.

मामांचे नियम चांगल्या कवितेसारखे होते. शब्द थोडे, आणि त्यांतला एकही गाळता न येणारा. फिरत्या पंख्याखाली वाकून जायचे, आणि जायचे ते समोरून, पायलटच्या डोळ्यांपुढून. त्याने अंगठा दाखवल्याशिवाय एक पाऊलही टाकायचे नाही. सलाइनची बाटली कितीही मायेने धरलेली असो, ती छातीच्या वर न्यायची नाही. शेपटीकडे फिरकायचे नाही. "शेपटीचा पंखा फिराय लागला की दिसतच न्हाई," मामा म्हणत. "न्हाई दिसत म्हणूनच मारतो." आणि शेवटी एक खूण. दोन्ही हात डोक्यावर न्यायचे आणि पुन्हा पुन्हा एकमेकांवरून ओढत मोठी फुली मारायची. उतरू नको, परत फिर.

"ज्याला फुली मारणं जमंल त्यानंच हितं उभं राहायचं," मामा म्हणाले. "ये म्हणायला काय, कुणीबी म्हणतं."

त्या वेळी हे वाक्य मला नुसते सुंदर वाटले होते. वाक्य सुंदर वाटणे आणि वाक्य कळणे यांत कधी कधी अख्खा उन्हाळा जातो.

अडचण धुळीची होती. दुष्काळातली धूळ ही माती राहिलेली नसते. ती पिठासारखी हलकी होते आणि निमित्त शोधत असते. हेलिकॉप्टर खाली येताना ती उसळली तर पायलट आंधळा होतो. म्हणून उतरण्याआधी जागेवर टँकरभर पाणी मारावे, असे रुग्णालयाच्या कागदात लिहिले होते. गावाला टँकर दर चौथ्या दिवशी यायचा. सरपंच तयार झाले, गयाबाई झाल्या नाहीत.

"माणसं तान्हेली असताना भुईला पाजू कावून? मी न्हाई पाजणार."

"मग धुळीचं काय करता?" मामांनी विचारले.

"खळं करू."

ज्वारी मळण्यासाठी शेतात खळे करतात, तीच रीत. कॅन धुतलेले पाणी आम्ही साठवले. छावणीच्या नालीतले गोमूत्र घेतले. तळ्याच्या तळातला काळा गाळ खणून आणला, त्यात शेण मिसळले आणि माळावर पसरले. मग मधोमध तिवडा पुरला. तिवडा म्हणजे बाभळीचा जाड खांब. बैल त्याला बांधतात आणि ते त्याच्याभोवती फिरत खळे तुडवतात. हाडे निघालेल्या बैलांनी ते तुडवले, आणि आम्ही त्यावर बसून हातांनी सारवत मागे मागे सरकत गेलो. हाताच्या पंजाएवढे अर्धचंद्र, एकाला लागून दुसरा. दुपारी त्यांतून वाफ निघे. कोपरापर्यंतची कातडी हिरवी झालेली, कंबर मोडलेली, आणि ओळीतून कुणीतरी म्हणायचे, "सचिवबाई, कालेजात हे शिकवलं न्हवतं का?" त्या वर्षी पंचक्रोशीत एक दाणाही मळला जाणार नव्हता, आणि पंचक्रोशीतले सर्वांत मोठे खळे आम्ही केले. मला त्या कामाचा आजही गर्व आहे. पाणी नाही म्हणून हात जोडून बसणे हीच दुष्काळाची खरी अपेक्षा असते. ती आम्ही पुरी केली नाही.

खळे वाळल्यावर मामांनी ब्लोअर लावला. धूळ उठली नाही. मामा खाली बसले, त्यांनी नखाने पृष्ठभाग खरवडून पाहिला. "हे आमच्या पुस्तकात न्हाई."

"पुस्तकात घाला मग," गयाबाई म्हणाल्या.

तिवडा तेवढा काढायचा होता. तो काढण्याला आबांनी हरकत घेतली. रास घरी गेल्याशिवाय तिवडा उपटू नये, घरावर येते, अशी आमच्याकडची समजूत.

"आबा, हितं रासच न्हाई," गयाबाई म्हणाल्या.

"म्हणून तर भ्या वाटतं."

गयाबाईंनी खांब हलवून सैल केला आणि उपसला. खड्डा आम्ही मातीने भरून सारवून घेतला. आबांनी तिवडा खांद्यावर टाकून घरी नेला आणि ओसरीतल्या भिंतीला टेकवून ठेवला. आम्ही खळ्यावर चुन्याचे वर्तुळ काढले.

विहीर खोल करताना जखमी झालेला एक माणूस आणि साप चावलेली एक म्हातारी, असे दोघे त्या वर्तुळातून उडाले आणि दोघेही परत आले. हेलिकॉप्टर गेले की सारवणाचे पोपडे निघालेले असत. आम्ही लगेच नवा हात फिरवायला बसत असू, आणि तो वास, ओल्या शेणाचा आणि हेलिकॉप्टरच्या इंजिनात जळलेल्या रॉकेलचा, तासभर माळावर रेंगाळत राही.

आणि मग रेणुकाची दुपार.

रेणुका गयाबाईंची एकुलती लेक, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली. आठव्या महिन्यात तिला झटके आले. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिले, फोन केला आणि आम्हाला निरोप पाठवला. गयाबाई घरी गेल्या नाहीत; त्या सरळ माळावर आल्या आणि नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या. एकीने वाऱ्याची दिशा दाखवायला गोवऱ्यांचा धूर केला. दुसरी गर्दी अडवायला गेली. माझे काम सर्वांत सोपे होते. वर्तुळात फेरी मारून पडलेले काही असेल ते उचलायचे, आणि मग हेलिकॉप्टर टेकेपर्यंत वर्तुळावरची नजर हलवायची नाही.

फेरी मी मारली. प्लास्टिकचा एक कागद उचलून परकराच्या नेफ्यात खोचला. तेवढ्यात जीप येऊन माळाच्या कडेला थांबली. मागच्या बाजूने रेणुकाचा हात बाहेर लोंबत होता आणि जीप थांबतानाच्या हिसक्याने त्यातल्या हिरव्या बांगड्या वाजल्या. मी तिकडे पाहिले. किती वेळ पाहिले ते मला सांगता येत नाही. एवढेच सांगता येते की पाहायचे नव्हते.

मी मान परत वळवली तेव्हा वर्तुळाच्या मधोमध तिवडा उभा होता. वर लिंबाचा वाळका टहाळा बांधलेला. आबा छावणीच्या मागून आले होते. भुसभुशीत खड्ड्यात खांब आपसूक बसला होता, आणि ते त्याच्यापुढे हात जोडून, डोळे मिटून उभे होते. तिवडा उपटला म्हणून नातीवर आले, तो परत लावला की तिच्यावरचे जाईल. त्यांची माया तेवढाच रस्ता जाणत होती.

हेलिकॉप्टर तळ्याचा बांध ओलांडून खाली येत होते. सारवलेल्या भुईवरचा बाभळीचा खांब वरून दिसत नाही. दोन्हींचा रंग एकच. मी ओरडले, पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मी धावत गयाबाईंसमोर गेले आणि हात करून दाखवले. त्यांनी पाहिले. एकदा खांबाकडे, एकदा जीपकडे. मग त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि फुली मारली. पुन्हा मारली. पुन्हा. लेकीला न्यायला आलेल्या यंत्राला आई परत फिर म्हणत होती, आणि तिची फुली मामांनी शिकवली होती तेवढीच मोठी होती.

हेलिकॉप्टर वर उचलले गेले आणि वळसा घ्यायला दूर गेले. आवाज कमी झाला तशी गर्दी ऐकू आली. "अगं माय हायेस का वैरीण?" "पोरगी मरती तिकडं, अन् ही परत पाठवती." कुणीतरी खडा मारला, तो माझ्या पोटरीला लागला. गयाबाई वर्तुळाच्या मधोमध पोहोचल्या होत्या. आबांनी खांबाला मिठी मारली होती.

"राहू दे, गया. पोरीसाठी राहू दे."

"आबा, हात सोडा."

आबांनी हात सोडले नाहीत. गयाबाईंनी त्यांची बोटे एकेक करून सोडवली, जपून, बाळाच्या मुठीतून केस सोडवावेत तशी. आम्ही दोघींनी खांब उपसून शेडमागे टाकला. आबांना एकीने हाताला धरून कडेला नेले. गयाबाईंनी खड्डा पायाने दाबला, जागेवर परत गेल्या आणि हात वर केले. या वेळी ये म्हणून. सारे मिळून चार मिनिटे गेली असतील. रेणुका उडाली. पदर खोचलेली, धुळीने पांढरी झालेली तिची आई खाली उभी होती, आणि तिच्यासाठी आत जागा नव्हती.

रेणुका वाचली. बाळ वाचले नाही.

त्यानंतर गावाने ती चार मिनिटे उचलली आणि आजवर खाली ठेवली नाहीत. पाणवठ्यावर, लग्नात, संस्थेच्या सभेत. "मायनं हेलिकॉप्टर परतवलं म्हणून नातू गेला." मी वार्षिक सभेत उभी राहून सांगितले, की नजर माझी हलली, चूक माझी होती, गयाबाईंनी त्या दुपारी एकच गोष्ट केली आणि ती बरोबर होती. कुणी ऐकले नाही. सचिवबाईची चूक ही साधी चूक असते. आईचे पाप चघळायला जास्त दिवस पुरते.

पुढे रुग्णालयातून कळले, की बाळाचे ठोके आरोग्य केंद्रातून निघण्याआधीच थांबलेले असणार. पुष्कळांनी मला सुचवले, हे सांग, म्हणजे गाव गप्प बसेल. मी ते कधीच ढालीसारखे वापरले नाही आणि आजही वापरत नाही. बाळाचे ठोके चालू असते तरी ती फुली बरोबरच होती. खांबावर आदळलेले हेलिकॉप्टर रेणुकाला कुठेच नेणार नव्हते. आबांना, आम्हाला, जीपभोवतीच्या गर्दीला मात्र घेऊन गेले असते. बरोबर वागल्याचे बक्षीस मिळालेच पाहिजे, असा हट्ट धरणारे लोक बरोबर वागण्याला भाग्याचा खेळ समजतात. मी समजत नाही. 'देवाच्या हवाली' हे दोन शब्द आमच्याकडे फार लवकर तोंडात येतात. गयाबाईंनी ते उच्चारले नाहीत. त्यांनी आधी जागा मोकळी केली.

दोन वर्षांनी ती सेवा बंद पडली. खळ्यावर तरोट्याचे तण उगवले. आबा गेले, शेवटपर्यंत ते सुनेशी बोलत राहिले, पण त्या दुपारविषयी नाही. लिंबाजीमामा आष्टीकडे असतात. दिवाळीला त्यांचा फोन येतो आणि ते पहिल्यांदा गयाबाईंची चौकशी करतात. गयाबाईंचा उजवा खांदा आता वर जात नाही. केस विंचरायलाही त्यांना दुसऱ्याचा हात लागतो.

रेणुकाला मी कधी काही विचारले नव्हते. ती सासरी गेली, पुढे आष्टीकडच्या त्यांच्या गावात आशा कार्यकर्ती झाली. माहेरी यायची, भेटायची, चहा प्यायची. मुलाचे नाव आम्ही दोघींनी कधी काढले नाही, कारण त्याला नावच नव्हते. गाव जे बोलते ते तिच्याही कानांवर येत असणार. ती आईच्या बाजूने बोलली नाही, विरुद्धही बोलली नाही. इतकी वर्षे मला गावाच्या जिभेचे भय वाटले नाही. या एका मुलीच्या गप्प राहण्याचे वाटत आले.

आज सकाळी ती आली. सोबत तिच्या गावच्या तीन बायका होत्या. दुसऱ्या कुणीतरी ती सेवा पुन्हा सुरू केली आहे, आणि यंदा त्यांच्या गावाशेजारचा माळ निवडला आहे. गयाबाई शेडच्या सावलीत बसल्या होत्या. रेणुका आधी त्यांच्याजवळ गेली, त्यांच्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवून थोडा वेळ थांबली आणि मग माझ्याकडे आली.

मी म्हणाले, "रेणुका, त्या दिवशी माझी नजर हलली होती. तुझ्याकडे बघत होते मी."

"ठावं हाय काकू. आई बोलली व्हती. आबांचंबी ठावं हाय."

"आणि आईने हेलिकॉप्टर परत पाठवलं ते?"

तिने पदर पाठीवरून पुढे घेतला आणि कमरेला खोचला. मग तरोटा उगवलेल्या त्या माळावर चालत गेली, वारा पाठीवर घेतला आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन एकमेकांवर ठेवले. कोपरे वाकलेली होती. हात फार जवळ होते. आभाळातून ती फुली कुणाला दिसली नसती. तिला ते ठाऊक होते. हात तसेच वर ठेवून तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली,

"शिकवा."